माती टाकलेला बर्फ

सुमचुनच्या फाटकापाशी आजवर भलेभले येऊन हात हलवत परत गेले होते. एका बड्या हॉटेलवाल्याचं फर्निचर आलं, ते महिनाभर ताडपत्रीखाली पडून राहिलं. खात्याचे एक वरिष्ठ साहेब स्वतः यंत्रसामग्री घेऊन आले, आरडाओरडा करून थकले आणि शेवटी चौकीत बसून नूडल्स खाऊन परतले. रस्त्याची इंजिनिअर रसिका टेंभुर्णे प्रत्येकाला एकच उत्तर द्यायची, "साहेब, माझ्याकडे किल्लीच नाही. असती तरी दिली नसती, तो भाग वेगळा."

आणि ती खोटं बोलत नव्हती. किल्ली नसावी हा हट्ट तिचाच होता. भंडाऱ्याची ही पोर लडाखच्या या कोपऱ्यात आली, तेव्हा सुमचुन ते कारलुंग हा एकुलता एक रस्ता दर वसंतात मरायचा. अडवणारे अडवायचे, मग कुणीतरी कुणालातरी फोन लावायचा, "एकच गाडी जाऊ द्या हो," आणि त्या एका गाडीमागून दहा जायच्या. मग कारलुंगला भर उन्हाळ्यापर्यंत तेल-तांदूळ पोचायचा नाही. एका वर्षी तर बाळंतपणात अडलेल्या एका बाईला लोकांनी चादरीच्या झोळीतून खाली आणलं होतं.

रस्ता मरतो कसा, ते नीट समजून घ्यायला हवं, नाहीतर ही बाई उगीच अडेलतट्टू वाटेल. हिवाळ्यात थंडी वरून खाली जमिनीत उतरत जाते. कापडाचं टोक पाण्यात बुडवलं की पाणी जसं वर चढतं, तशी खालची ओल त्या थंडीकडे खेचली जाते आणि डांबराखाली बर्फाचे थर धरतात. तोवर काही बिघडत नाही, उलट रस्ता इतका टणक होतो की वरून काय हवं ते न्या. खरी भानगड वसंतात होते. ऊन वरून लागतं, म्हणून वरचा बर्फ आधी वितळतो, आणि खालची जमीन मात्र अजून गोठलेलीच असते. पाण्याला खाली वाट नाही आणि वर डांबराचं झाकण. मधल्यामध्ये गिट्टी-मुरमाचा चिखल होतो. वरून बघणाऱ्याला रस्ता ठणठणीत दिसतो, आणि त्याच रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला की तो आतून फाटतो. त्यातही वजनाचा हिशेब सरळ नाही. एका एक्सलवरचं, म्हणजे दोन चाकांमधल्या दांड्यावरचं, वजन दुप्पट केलं, तर नुकसान दुप्पट होत नाही, सोळापट होतं. पाणी निचरून जाईपर्यंत चार-पाच आठवडे जड गाडी बंद ठेवणं, एवढाच त्यावर उपाय.

म्हणून 'नाडी' आली. रस्त्याच्या पोटात, अगदी मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत केसाएवढा एक काचेचा धागा पुरला. त्यातून सतत प्रकाशाचे ठोके जातात. जिथं जमीन गरम होते, ओल धरते किंवा वजनानं दबते, तिथून तो प्रकाश किंचित बदलून परत येतो. त्यावरून आणि हवामानावरून नाडी रोज पहाटे दुसऱ्या दिवसापर्यंतचा अंदाज बांधते, कारण जड ट्रेलर एकदा आत शिरला की कारलुंगला पोचेपर्यंत त्याला वळायला जागाच नाही. अंदाज चांगला असेल तर दिवा हिरवा होतो आणि फाटक वर जातं. नसेल तर देवाला साकडं घातलं तरी जात नाही.

नाडीचे नियम ठरवायच्या बैठकीत कुणीतरी विचारलं होतं, "मॅडम, उघडायची नाही, पण निदान बंद करायची किल्ली तरी माणसाकडे ठेवायची का?"

"नको," रसिका ताडकन म्हणाली होती. "ज्याला बंद करता येतं, त्याला लोक उघडायलाही लावतात." सगळ्यांनी माना डोलावल्या. हिरव्या दिव्यावर गाडी अडवणं हा गुन्हा ठरला, आणि ते कलम तिनं स्वतः लिहिलं.

यंदा वसंत सुरू होता होता फाटकावर जो ट्रेलर येऊन उभा राहिला, तो तिच्या सख्ख्या भावाचा होता.

"ताई!" प्रज्वल केबिनमधून उडी मारूनच उतरला. "बघ, हिरवा! उद्या संध्याकाळपर्यंतचा पास आहे. जेवतो अन् दुपारी निघतो. आता तू स्वतः आली तरी मले अडवू नाही शकत."

"जास्त शहाणपणा नको करू," ती म्हणाली, पण तिला हसू आवरेना. आईनं त्याच्याबरोबर चिन्नोर तांदूळ पाठवला होता. तिनं पिशवीत नाक घालून आधी तो वास घेतला. भावाची गळाभेट त्यानंतर झाली.

ट्रेलरवर एक भलीमोठी पोलादी टाकी होती. तिच्यात मीठ होतं, खायचं नव्हे, प्रयोगशाळेत घडवलेलं. या मिठाला उन्हानं तापवून कोरडं केलं की ते उष्णता धरून ठेवतं. महिनोन् महिने थंडगार पडून राहतं, आणि हवी तेव्हा थोडी दमट हवा त्यातून सोडली की धरलेली उष्णता परत देतं. म्हणजे उन्हाळ्यातलं ऊन साठवायचं आणि हिवाळ्यात वापरायचं. सगळं आयुष्य प्रज्वलनं या एका टाकीवर लावलं होतं. गेल्या हिवाळ्यात तो कंपनीकडून कारलुंगला पाहणी करायला गेला होता, तेव्हा तिथल्या दवाखान्यात डिझेल संपलं आणि दोन तान्ही मुलं थंडीनं गेली. त्यातलं एक त्याच्या मांडीवर गेलं. घरी कुणालाच त्यानं हे सांगितलं नव्हतं, फक्त ताईला फोन केला होता आणि बराच वेळ नुसता रडला होता. पुढच्या हिवाळ्यात दवाखाना गरम असेल असा शब्द तो त्या बाळाच्या आईला देऊन आला होता. मीठ कारखान्यातून तापवूनच आलं होतं, पण टाकी आता गेली तरच इथल्या छोट्याशा उन्हाळ्यात ती बसवून, जोडून हिवाळ्यासाठी तयार होणार होती. पाच आठवडे थांबलं की हे वर्ष हुकलं.

तो जेवायला बसला आणि रसिका फेरीला निघाली. नाडी आल्यापासून ही फेरी आठवड्यातून एकदाच व्हायची. आठवडाभर ऊन-सावलीचा खेळ चालला होता, आज सकाळी आभाळ लख्ख उघडलं होतं. फाटकापुढचं पहिलंच वळण तिनं घेतलं आणि जीपचा ब्रेक करकचून दाबला.

डोंगर काळा झाला होता.

रस्त्याच्या वरचा अख्खा उतार, जो या दिवसांत डोळे दिपवणारा पांढरा असायचा, तो माती टाकून काळाकरडा केलेला होता. पाठीवर टोपल्या बांधलेल्या बायका ओळीनं चालत होत्या आणि मूठ मूठ माती बर्फावर फेकत होत्या. सगळ्यांत पुढे डिस्किट आमा-ले, म्हणजे डिस्किट आईजी, होत्या. फाटकापलीकडच्या गावातल्या वडीलधाऱ्या बाई, रसिकाला बाजरीच्या पोत्यासारखं मिठीत दाबणाऱ्या.

हे माती टाकणं तिला नवं नव्हतं. इथले लोक शरद ऋतूतच कोरडी माती घरात भरून ठेवतात आणि वसंतात ती शेतातल्या बर्फावर टाकतात. पांढरा बर्फ ऊन परतवून लावतो, काळी माती ते पिऊन घेते. बर्फ लवकर उतरतो, पेरणी लवकर होते. पण हे शेत नव्हतं.

"आमा-ले, इथं का? इथं तर काही पिकत नाही!"

"रस्ता पिकतो ना, मॅडम-ले," आमा-ले हसल्या. त्यांच्या हिंदीला त्यांचाच एक ताल होता. "तुमचं फाटक दर वर्षी नेमकं पेरणीच्या वेळी बंद. बियाण्याचा ट्रक खाली, आम्ही वर. मग गावानं बसून ठरवलं. रस्ता लवकर भिजू दे, म्हणजे लवकर वाळेल. पेरणीला फाटक उघडं! आठवडा झाला टाकतोय. कारलुंगवाल्यांनीही त्यांच्याकडून टाकलीय."

"पण आत्ता दिवा हिरवा आहे. आत्ता कुणी जड गाडी घातली तर?"

आमा-लेंनी तिच्याकडे जरा नवलानं पाहिलं. "भिजला की फाटक आपोआप बंद होईल. तुम्हीच तर सांगितलंत, त्याला सगळं कळतं."

रसिकाला हसावं की कपाळ बडवून घ्यावं, समजेना. तिनंच गावोगाव बैठका घेऊन हे सांगितलं होतं. मशीनवर विश्वास ठेवा, माणसांच्या फोनवर नको. त्यांनी ठेवला, आणि तिच्यापेक्षा जास्त ठेवला.

जीपमधून पहार काढून तिनं डोंगराच्या अंगाच्या साइडपट्टीवर चार घाव घातले. पाचव्या घावाला पहार लोण्यात शिरल्यासारखी आत गेली आणि भोकातून गढूळ पाणी वर आलं. "माय वो," ती स्वतःशीच पुटपुटली. पाणी अजून कडेलाच होतं, मधल्या धाग्यापर्यंत पोचलं नव्हतं. अशा उन्हात ते दुपार कलायच्या आत पोचणार होतं. प्रज्वलचा ट्रेलर तेव्हा या उतारावर असणार होता, आणि असे उतार पुढे कारलुंगपर्यंत होते.

तिनं नाडीच्या केंद्राला फोन लावला. ड्यूटीवरच्या माणसानं शांतपणे सगळं पाहून सांगितलं, "मॅडम, अंदाजात वरचा बर्फ पांढरा धरलाय. ढगांमुळे आठवडाभर उपग्रहाचं चित्रच आलेलं नाही. उद्या पहाटे नवं चित्र येईल, तेव्हा दिवा बहुतेक लाल होईल."

"उद्या काय उपयोग? आत्ता पास रद्द करा."

"मॅडम, ती सोय नाही. तुम्हीच नको म्हणाला होतात."

तिनं फोन खिशात टाकला. स्वतःवरच इतका राग तिला बऱ्याच वर्षांत आला नव्हता. मग जीप वळवली.

फाटकावर ट्रेलरचं इंजिन सुरू झालं होतं. रसिकानं जीप नेऊन बरोबर त्याच्या तोंडासमोर आडवी लावली.

"हे काय ताई?"

"पज्जू, गाडी जाणार नाही. वळणापलीकडे डोंगरावर माती टाकलीय गावानं. कडेला पाणी आलंय."

त्यानं आधी ती गंमत करतेय असं समजून हसून घेतलं. मग तिचा चेहरा बघितला आणि त्याचं हसू गेलं. "काऊन नाही जाणार? दिवा हिरवा आहे. तूच म्हणायची ना, माणसाचं काही ऐकू नका, नाडीचं ऐका? त्या हॉटेलवाल्याले अडवलं तेव्हा नाडी बरोबर, अन् आज सख्खा भाऊ आला तर नाडी चूक?"

"नाडी चुकलीय. चूक माझी आहे, मी तिला माती शिकवली नाही."

"ताई, तुले माहीत आहे मी काय नेऊन राहिलो."

"माहीत आहे."

"मग तिथं जाऊन तू सांग त्या बायांले! सांग, माझ्या डांबराले त्रास होत होता म्हणून यंदाही थंडीतच राहा!" त्याचा आवाज फाटला. "डांबर पुन्हा टाकता येते, ताई. ते लेकरू नाही आणता येत."

हे तिला लागलं. लागणारच होतं. पण ती जागची हलली नाही.

"हा रस्ता फुटला तर कारलुंगला उन्हाळाभर काहीच जाणार नाही," ती म्हणाली. "तुझी टाकी मध्येच रुतेल, ती काढायला क्रेन येणार कुठून? त्याच रस्त्यावरून? बाळंतीण खाली आणायची झाली तर पुन्हा चादरीची झोळी. पज्जू, एक हिवाळा वाचवायला जाशील आणि पुढचे दोन घालवशील."

"हे तू म्हणते. पुरावा काय? पहारीनं काढलेलं भोक?"

ट्रेलरचा ड्रायव्हर खाली उतरून अवघडून उभा होता. चौकीतला पोलीस पुढे येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, हिरव्यावर गाडी अडवता येत नाही. मला लिहावं लागेल."

"लिहा," रसिका म्हणाली. तिची नजर चौकीमागे उभ्या असलेल्या खात्याच्या टिप्परकडे गेली. निसरड्यावर टाकायच्या वाळूनं तो काठोकाठ भरलेला होता. "पज्जू, ट्रेलरच्या एका एक्सलवर जेवढं वजन आहे, तेवढंच या टिप्परच्या मागच्या एक्सलवर आहे. मी तो वळणापलीकडे घेऊन जाते. रस्त्यानं पेलला, तर जीप बाजूला घेईन, राजीनामाही देईन. तू खुशाल जा."

"अन् नाही पेलला तर?"

"तर तू स्वतः बघशील."

ती टिप्परवर चढली. नोकरीच्या सुरुवातीला तिनं हे अवजड धूड हाकायला शिकून घेतलं होतं, पण वसंतात या रस्त्यावर स्वतःच्या हातानं भरलेली गाडी घालायची वेळ येईल, असं कुणी तिला सांगितलं असतं तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं. या रस्त्याचा तुकडा न् तुकडा तिच्या देखरेखीखाली झाला होता. दर वसंतात ती हा रस्ता जपायची, लोक थट्टेनं त्याला मॅडमचं लेकरू म्हणायचे. तिनं गिअर टाकला. प्रज्वल आणि बाकीचे पायी मागून येत होते.

वळण गेलं. काळा उतार सुरू झाला. पहिले काही मीटर काहीच झालं नाही, आणि एक क्षण तिच्या मनात आलं की बरंच झालं, मी चुकले, जाऊ दे पोराला. मग डांबर चाकाखाली गादीसारखं दबलं. तिनं आरशात पाहिलं. मागच्या चाकांजवळ भेगांतून चिखलाचं पाणी पिचकारीसारखं उडत होतं. तिनं ब्रेक लावला नाही, आणखी थोडं पुढे घेतलं, शंकेला जागाच राहू नये म्हणून. मग एक दबका आवाज झाला, डांबराचा पापुद्रा तुटला आणि डोंगराकडची मागची चाकं मधल्या दांड्यापर्यंत खचली. टिप्पर तिरका होऊन थांबला.

ती उतरली. रस्त्याला पडलेल्या खड्ड्याकडे बघताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही. वरच्या बायका टोपल्या टाकून धावत खाली आल्या होत्या. आमा-लेंनी तोंडावर हात ठेवला होता.

प्रज्वलनं खड्ड्यात पाय घातला. तो पोटरीपर्यंत गेला. वळणावरच्या खांबावर दिवा अजून हिरवाच होता.

"टिप्पर ओढून काढते," रसिका म्हणाली. "दिवा तुझ्या बाजूनं आहे, कायदाही आहे. जायचं की नाही, तू ठरव."

"आता काय ठरवायचं?" तो रस्त्याच्या कडेला मटकन बसला आणि दोन्ही हातांत डोकं धरलं. "मी शब्द दिला होता गं ताई. त्या बाईच्या डोळ्यांत बघून दिला होता."

ती त्याच्या शेजारी बसली. लहानपणी तो पडला की ती त्याच्या पाठीवर थापटायची, तशी थापटत राहिली.

मग त्यानं मान वर केली. "या चिखलावरून काय चालेल?"

"हलकी जीप, थोडा माल भरलेली. तीही पहाटे, वरचं गोठलेलं असताना. एक्सलवरचं वजन कमी केलं की नुकसान एकदम खाली येतं, सोळापटीचा हिशेब उलटा चालतो. रिकामी टाकीसुद्धा जाईल, इतक्या चाकांवर तिचं वजन काहीच नाही. पण तुझी टाकी तर बंद आहे."

"कारखान्यातच सील केली. दमट हवा लागली तर मीठ वाटेतच पेटून... म्हणजे पेटत नाही, पण सगळी उष्णता तिथंच देऊन मोकळं होते. सील तोडलं की कंपनीची हमी गेली. अन् कंपनी मलेही घरी पाठवेल." तो थांबला. जिभेनं त्यानं ओठ चाचपले. ते थंड कोरड्या हवेनं उलून रक्ताळले होते. "पण ते सील खालच्या हवेसाठी केलं होतं, ताई. इथं पहाटेच्या हवेत ओल आहेच कुठं?"

"विचार कर, पज्जू. नोकरी जाईल."

"तू आता स्वतःचा रस्ता फोडला ना?" तो उठला, चिखलाचा बूट झटकला आणि आमा-लेंसमोर जाऊन उभा राहिला. "आमा-ले, घट्ट झाकणाची पिंपं किती घरांत आहेत? अन् जीप किती?"

आमा-लेंना आधी उमगलं नाही. उमगल्यावर त्या मागं वळून आपल्या बायकांवर असं काही ओरडल्या की दोघी-तिघी तिथूनच पळत सुटल्या. जर्दाळू साठवायची निळी पिंपं संध्याकाळपर्यंत फाटकापाशी येऊन पडली, धुऊन, पुसून, चुलीपाशी वाळवून.

दुसऱ्या पहाटे दिवा लाल झाला आणि फाटक खाली आलं. काट्यावर हलक्या ठरणाऱ्या गाड्यांना बाजूची वाट मोकळी होती. प्रज्वलनं सील स्वतः तोडलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. रसिकानं वजनकाट्यावर पहिली जीप तोलली, दोन पिंपं उतरवायला लावली, पुन्हा तोलली आणि मगच परवानगी दिली. कुणी हुज्जत घातली नाही. मग ती आणि प्रज्वल त्याच जीपमध्ये बसले. गोठलेल्या डांबरावरून, टिप्परच्या खड्ड्याला वळसा घालून, गाडी बैलगाडीच्या चालीनं वर चढली. वाटेत तिनं केंद्राला फोन करून सांगितलं, "नव्या नियमात बंद करायची किल्ली ठेवा. उघडायची नको. आणि ज्याच्याकडे ती किल्ली असेल, त्यानं रोज रस्त्यावर पायी फिरलं पाहिजे, हेही लिहा."

कारलुंगच्या दवाखान्यासमोर माणसं गोळा झाली होती. सगळे मोठ्या ट्रेलरची वाट बघत होते आणि आली एक धुळकट जीप. गर्दीतून एक तरुण बाई पुढे आली. प्रज्वलचा चेहरा पाहून रसिकाला ती कोण ते विचारावं लागलं नाही.

"एवढंच?" बाईनं विचारलं.

प्रज्वलनं एका पिंपाचं झाकण उघडलं, चिमूटभर पांढरी पूड तिच्या तळहातावर ठेवली आणि बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब त्या पुडीवर टाकले. बाई हाताकडे बघत राहिली. हळूहळू तिची बोटं मिटली. तिनं ती मूठ गालाला लावली, डोळे मिटले आणि तशीच उभी राहिली.

"बाकीचं?" शेवटी तिनं विचारलं.

"रोज पहाटे थोडं थोडं येईल," प्रज्वल म्हणाला. "सगळं येईल."

"रस्ता राहील तोवर?"

हा प्रश्न तिनं रसिकाकडे बघून विचारला होता.

"राहील," रसिका म्हणाली, आणि पिंप उतरवायला जीपच्या मागच्या बाजूला गेली.